डुलकीवरचा झेन उपाय

"हॉल आपलाच! बघतो कोण अडवतो!" अंबादासनं दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या फाटकावर छाती ठोकून सांगितलं होतं. पासष्टची लढाई, बारा-बारा तासांच्या पाळ्या, सगळं जबलपूर पेंगुळलेलं. पण क्वार्टर्समधला हॉल रविवारी सकाळी बुद्धवचनाला मिळावा म्हणून हा सुतार कॅरमवाल्यांशी एकटा भिडला होता. लहानपणापासून दुसऱ्यांच्या दाराबाहेर उभं राहिलेल्या माणसाला चार भिंतींचं मोल कळतं.

आता हॉल कायमचा द्यायचा की नाही, ते वेल्फेअर ऑफिसर श्यामसुंदर साहेब एखाद्या रविवारी येऊन ठरवणार होते. नेमकं तेव्हाच अंबादासला नागपूरहून झेनचं पुस्तक मिळालं. एका हातात पाली सूत्रांचं भाषांतर, दुसऱ्या हातात झेन! जपानी मठात म्हणे भिंतीकडे तोंड करून बसतात आणि डुलकी घेणाऱ्याच्या खांद्यावर चपटी फळी हाणतात. अंबादासनं लगेच सागवानी फळी रंधून काढली.

"अजी, पाळी करून आलेल्या माणसाले मारता काहून?" बायको राधाबाई म्हणाली. "सूत्रात डुलकीवर दुसरा उपाय आहे ना!"

"सूत्र सूत्राच्या जागी, झेन झेनच्या जागी! मी दोन्ही शिकवून राहिलो!"

रविवार उजाडला. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे, अंबादासपुढे नुसत्या पाठी. शेवटची पाठ डोक्यावरून शाल घेऊन पाळण्यासारखी झुलत होती. फाट्!

शाल उडाली. आत श्यामसुंदर साहेब! गुपचूप पाहणी करायला म्हणून रांगेत बसले होते आणि ड्युटीच्या जागरणानं तिथंच पेंगले होते.

"किसने मारा?"

"मी मारलं!" अंबादासची मान ताठ. "माफी नाही मागणार! इथं कोणी साहेब नाही, कोणी सुतार नाही. पेंगेल तो खाईल!"

"हॉल कैंसिल!"

अंबादासचा चेहरा उतरला. राधाबाई सूत्रांचं पुस्तक घेऊन पुढं आली. "थांबा साहेब, अर्धंच शिकून चालले तुम्ही. पेंगणाऱ्या शिष्याले भगवंत सांगतात, कान ओढ, तोंडावर पाणी मार, येरझारा घाल. तरी झोप जात नसेल, तर उजव्या कुशीवर नीज."

"मतलब... सो जाओ?"

"हो जी. खुद्द बुद्धांचं वचन आहे!"

साहेबांनी खांदा चोळला, सतरंजीकडे पाहिलं आणि उजव्या कुशीवर झाले ते थेट दुपारी उठले. डोळे चोळत म्हणाले, "हॉल आपका. हर इतवार!"

पुढच्या रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कॅरमवालेसुद्धा आले! अंबादासचा ऊर भरून आला. मग दिसलं, प्रत्येकाच्या काखेत उशी होती. साहेबांनी तर चादरही आणली होती.

"झोपा लेको! पण धम्म मी वाचणारच!" तो गरजला आणि त्या घोरण्याच्या वरताण आवाज लावून वाचू लागला.

"अजी, हळू वाचा ना," राधाबाई कोपऱ्यातून कुजबुजली, "साहेब जागे होतील!"