कासिमभाई आणि म्हातारी दुनळी

कासिमभाई माणसांशी हिंदीत बोलतात, मालकाशी अरबीत आणि बंदुकांशी मराठीत. कुवेतमधल्या अर्दियातल्या वर्कशॉपमध्ये कुणी परवान्याची जुनी बंदूक आणली की ते गिऱ्हाइकाकडे बघतसुद्धा नाहीत. चष्मा कपाळावर चढवून बंदुकीवर वाकतात आणि विचारतात, "काय गो म्हातारे, कुठं दुखतंय?"

मी अब्बासियातल्या एका क्लिनिकमध्ये रक्त तपासतो. मला पेशंटशीही इतकं गोड बोलता येत नाही. कासिमभाई मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही हे सांगून माझं तोंड दुखलं. "सुई टोचता ना? मग झालं तर!" एवढंच त्यांचं उत्तर. सुट्टीच्या दिवशी मराठी बोलायला मिळेल म्हणून मी त्यांच्याकडे जातो आणि ते माझ्यापेक्षा बंदुकांशीच जास्त बोलतात.

माणूस रत्नागिरीकडचा, मुळात सुतार. दुरुस्तीचा नियम एकच. "दुखतं तेवढंच बघायचं. म्हातारीला नवरी करायची नाय." पॉलिशचा डबा दिसला तरी त्यांचं डोकं फिरतं.

या थंडीच्या तोंडावर अबू सालेम नावाचे एक वृद्ध कुवेती त्यांच्या वडिलांची दुनळी बंदूक घेऊन आले. लाकडी दस्ता मानेशी तडकलेला, नळ्यांचा सांधा खुळखुळा. म्हाताऱ्याला तीच घेऊन अजून एकदा शिकारीला जायचं होतं. बरोबर आलेल्या त्यांच्या मुलाचा बेत वेगळा होता. दस्ता घासून गुळगुळीत करा, चकाचक करा, सगळं नव्यासारखं दिसलं पाहिजे. मालक मान डोलावत म्हणाला, होईल.

कासिमभाईंनी तड सांधली, आत पितळेची खीळ बसवली, सांधा घट्ट केला. राहिला दस्ता. त्यावर गाल टेकायच्या जागी लाकूड झिजून खोलगट झालं होतं. कासिमभाई पॉलिशपेपर हातात घेत आणि परत ठेवत.

"घासून टाका की," मी म्हटलं. "नाहीतर मालक तुम्हाला घासेल."

"हात जात नाय हो, डॉक्टर."

दोघं बंदूक न्यायला आले तेव्हा मुलाने त्या खळग्यावर बोट ठेवलं. "शिनू हादा?" हे काय आहे, असं विचारताना त्याचा आवाज चढला होता. मालकाचे डोळे वटारलेले. कासिमभाईंची अरबी नेमकी तेव्हाच गळपटली. मला तर वाटलं, गेली यांची नोकरी.

अबू सालेमनी काठी मुलाच्या हातात दिली आणि बंदूक खांद्याला लावली. गाल त्या खळग्यात अलगद बसला. ते तसेच उभे राहिले, डोळे मिटून. मग "अबूय" म्हणाले. म्हणजे माझे वडील. मुलगा पाकीट काढून पैसे मोजायला लागला. जाताना म्हाताऱ्याने कासिमभाईंचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला.

मंडळी गेली तरी कासिमभाई पाठ करून हत्यारं पुसत होते. पुसलेलीच परत पुसत होते.

"आमच्या अब्बांची ठासणीची होती," ते म्हणाले. "शेताच्या राखणीची. इलेक्शन आलं की गावातल्या सगळ्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करायच्या, संपलं की आणायच्या. एका इलेक्शनला अब्बांनी जमा केली न् तेवढ्यात वारले. मी इथं. आणायला कोण जाणार? परवाना बुडाला."

"नंतर गेलाच नाहीत?"

"गेलो ना रजेत. हवालदार गावचाच. म्हणाला, परत मिळायची नाय, बगून जा. खोलीत ढीग नुसता! नावाच्या चिठ्ठ्या गळलेल्या, सगळ्या गंजून एकसारख्या. एकेक खांद्याला लावून बगितली." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "अब्बांची कुठची, मला ओळखता आली नाय."

मी विचारलं, "मग?"

"मग काय! बाजारातून तेल आणलं न् सगळ्यांना लावून आलो."