कमाल मर्यादा सत्तर

ज्याला आपल्या मर्यादा कळल्या तो माणूस सुखी होतो, आणि ज्याला दुसऱ्याच्या मर्यादा ठरवता आल्या तो व्यवस्थापक होतो. आकड्यांना मात्र आपल्या मर्यादा आपणहून कळत नाहीत, त्या घालून द्याव्या लागतात. आमच्या लिफ्ट-देखभालीच्या कंपनीत हे काम प्रोग्राममधली एक ओळ करते. ती ओळ मी लिहिलेली आहे, हे नम्रपणे नमूद करतो.

पद्धत सोपी आहे. शहरातल्या तीनशे बारा लिफ्टना आमचे सेन्सर आहेत. लिफ्ट किती थरथरते, किती तापते, कुठे दचकते, हे सगळे आकडे एका चळतीत रचले जातात (तिला टेन्सर म्हणतात, तसं म्हटलं की बैठकीत पुढचा प्रश्न येत नाही). डीप लर्निंगचं मॉडेल ही चळत वाचतं आणि प्रत्येक लिफ्टला धोक्याचा एक आकडा देतं. तो दाराशेजारच्या पाटीवर झळकतो. आकडा ऐंशीला पोचला की लिफ्ट आपोआप थांबते आणि दुरुस्ती होईपर्यंत हलत नाही.

ओळ पहिल्यांदा लिहिली तेव्हा हेतू शुद्ध होता. एका सेन्सरवर पाल बसली आणि शंभरपैकी चाळीस हजार आले. तेव्हा मी लिहिलं: शून्याच्या खाली असेल तर शून्य धर, शंभरच्या वर असेल तर शंभर धर. पालीचा बंदोबस्त झाला.

मग रहिवाशांच्या तक्रारी सुरू झाल्या. लिफ्टच्या नव्हे, आकड्याच्या. पाटीवर ब्याण्णव दिसलं की धडकी भरते, आणि लिफ्ट थांबली की जिना चढावा लागतो. आम्ही रीतसर पाहणी केली. शंभरातल्या एकोणनव्वद जणांनी 'दुरुस्ती नको, आकडा कमी करा' यावर खूण केली, सात जणांनी सगळ्याच पर्यायांवर केली, आणि उरलेले चार तळमजल्यावर राहणारे निघाले. लोकमताचा आदर करून वरची मर्यादा सत्तर झाली. आदल्या वर्षी सेहेचाळीस लिफ्ट थांबवाव्या लागल्या होत्या, या वर्षी एकही नाही. विज्ञानाने एवढी झेप क्वचितच घेतली असेल.

खालची मर्यादाही वाढवणं भाग होतं. पाटीवर तीन दिसले की लोक विचारत, "मग तुमचा माणूस दर महिन्याला येतो कशाला?" म्हणून किमान चाळीस केले, मग साठ, आणि एका शुक्रवारी घरी जायच्या घाईत व्यवस्थापकांनी पंच्याहत्तर लिहून पाठवले. किमान पंच्याहत्तर, कमाल सत्तर. मी जसंच्या तसं घातलं. अशा वेळी यंत्र कुरकुरत नाही, सरसकट सगळ्यांना कमाल आकडा देऊन मोकळं होतं. तीनशे बारा लिफ्ट, तीनशे बारा वेळा सत्तर. तीन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट 'आकड्यांत आलेल्या शिस्तीबद्दल' वरच्या कार्यालयाचं अभिनंदनाचं पत्र आलं, तेव्हा या चुकीला धोरणाचा दर्जा देण्यात आला.

एक शास्त्रीय बाब इथे सांगायला हवी. मर्यादेबाहेर गेलेल्या आकड्यातून मॉडेल काही शिकत नाही. आपलं किती चुकलं हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ही सवय मॉडेलला आमच्या व्यवस्थापनाकडून लागली की व्यवस्थापनाला मॉडेलकडून, याबद्दल कार्यालयात दोन मतं आहेत.

या सुरळीत कारभारात मिठाचा खडा टाकला तो मिस्त्रींनी. हे गृहस्थ सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करताहेत आणि अजूनही कानाने काम करतात (मॉडेलला कान नाहीत, त्यामुळे त्याची दिशाभूल होत नाही). हाताचं ग्रीस फडक्याला पुसत ते माझ्या टेबलापाशी आले.

"साहेब, तुमच्या आत्याबाईंच्या इमारतीतली लिफ्ट थांबवा. दोर तुटत आलाय. आवाज येतोय."

"आकडा किती आहे?"

"सत्तर."

"गेल्या महिन्यात किती होता?"

"सत्तरच."

"म्हणजे प्रकृती स्थिर आहे, मिस्त्री. ऐंशी झाल्याशिवाय थांबवता येत नाही."

"मग ऐंशी कधी होणार?"

मी त्यांना ती ओळ दाखवली. कधीच नाही, असं तिच्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

आत्या आठव्या मजल्यावर एकटी राहते. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले आहेत. संध्याकाळी तिचा फोन आला.

"अरे, चौथ्या मजल्याशी लिफ्ट अशी दचकते की मी दांडी घट्ट धरून उभी राहते."

"आत्या, सत्तर आहे."

"मी सत्तरची होते तेव्हा जिन्याने जात होते. आता एकोणऐंशी आहे. तू येऊन एकदा बस बघू तिच्यात."

कामात आहे, असं मी म्हणालो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी त्या लिफ्टच्या सेन्सरची वायर उपटली. सेन्सर एकूण हादऱ्यांना एकूण फेऱ्यांनी भागतो. वायरच नाही म्हटल्यावर शून्य भागिले शून्य झालं. याचं उत्तर मोठंही नसतं आणि लहानही नसतं. तो आकडाच नसतो, आणि यंत्र प्रामाणिकपणे तसं लिहितं: 'आकडा नाही'. ही चीज माझ्या ओळीपाशी आली. कमाल मर्यादेपेक्षा मोठी आहेस का? नाही. किमान मर्यादेपेक्षा लहान आहेस का? नाही. मग जा. ती गेली, आणि सगळ्या लिफ्टचे आकडे एकाच चळतीत मोजले जात असल्यामुळे ज्या आकड्यात मिसळली त्याचंही 'आकडा नाही' करत सुटली. दहा मिनिटांत तीनशे बारा पाट्या कोऱ्या झाल्या. आकडा दिसत नसेल तर जवळच्या मजल्यावर जाऊन दार उघडायचं, हा नियम कुणीतरी फार पूर्वी लिहून ठेवला होता (तो तज्ज्ञ आता कंपनीत नाही). सगळ्या लिफ्ट थांबल्या.

आत्याच्या लिफ्टच्या चार दोरांपैकी एक तुटलेला होता, दुसरा चार तारांवर लोंबत होता. मिस्त्रींनी दोन दिवसांत चारही बदलले.

चौकशी झाली. तीनशे अकरा इमारतींकडून जिना चढावा लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या. एका इमारतीकडून आभार आले, पण ते आत्याचे असल्यामुळे नातेवाइकांचे म्हणून वगळले. चौकशी समितीने विचारलं, हे तंत्र कुठे शिकलात? मिस्त्री म्हणाले, "मी फक्त वायर काढली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच पाटीवर सत्तर दिसलं नाही." त्यांना घरी पाठवण्यात आलं.

मला नवी ओळ लिहायला सांगितलं: जो आकडा नाही, त्याच्या जागी सत्तर धर. मी लिहिली. पाच मिनिटं लागली, जेवणाच्या सुट्टीआधीच झाली. लाज वाटली. ती मात्र सत्तरवर थांबली नाही.

रविवारी आत्याकडे गेलो. लिफ्टनेच गेलो.

"आता किती आहे रे आपल्या लिफ्टचा आकडा?"

"सत्तर."

"दोर तर नवे आहेत ना? आणि समोरच्या इमारतीचा?"

"सत्तर."

आत्या खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत राहिली.

आता उरलेल्या तीनशे अकरांतले तुम्ही. पाटी तुमच्या दाराशेजारीही आहे. तिच्यावर किती असतात, ते तुम्ही रोज बघता. पाहणीच्या कागदावरची खूणही तुमचीच आहे, आम्ही जपून ठेवली आहे. 'खरा आकडा किती?' असं विचारायला आजवर एकाही रहिवाशाचा फोन आलेला नाही. वर जायची घाई असते, हे आम्ही समजू शकतो. आमच्या कार्यालयात सगळे जिन्याने जातात.