इंदूकाकूंची भुलाबाई

इंदूकाकू नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी गाणं विचारत. दारव्ह्याला आमच्या शेजारी बँकेचे साहेब राहायला आले, तेव्हा सामान अजून ट्रकमध्येच होतं. साहेबांच्या आईला हात देऊन उतरवता उतरवता काकू म्हणाल्या, "माहेर पुसदचं काय? मंग तिकडची भुलाबाईची गाणी येत असतीन तुमाले!" म्हातारी गोंधळली. पण चहा होईपर्यंत काकूंनी तिच्याकडून दीड गाणं काढलं. उरलेल्या अर्ध्यासाठी पुढे महिनाभर तिचा पिच्छा पुरवला.

भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी भुलाबाई, म्हणजे मातीची पार्वती, मांडतात आणि संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. काकूंचं मात्र बाराही महिने तेच चाले. कुणाच्या आत्याला एखादं जास्तीचं कडवं येतं असं कळलं, की त्या भरलेल्या जीपमध्ये स्वतःला कोंबून तिच्या गावी जात. "सूर गेला त जाऊ दे, कडवं नको जाऊ देऊ," असं त्या बजावत. त्यांचा स्वतःचा सूर फार पूर्वीच गेला होता.

एकदा गल्लीतल्या मंडळाने ही गाणी भोंग्यावर लावली. काकूंनी सरळ वायर उपटली.

"काकू, यात एकही चूक नाही," अध्यक्ष म्हणाला.

"म्हणूनच त! पोरी चुकतात, हासतात, मंग पुन्हा म्हणतात. भोंगा कधी हासते काय?"

मग कापसाची वाईट वर्षं आली. सरकी काढायची जिनिंग गिरणी बंद पडली. माणसं कामाला पुण्याकडे गेली आणि गाणाऱ्या पोरीही कमी झाल्या. त्यातच पूर्वी जिनिंगवर कामाला असलेले गल्लीतले दिगंबरराव पोळ्यानंतर हार्ट अटॅकने गेले. मागे बायको शोभा आणि लहानगी पिंकी. यंदा त्या घरापुढे गाणी नकोत, असं गल्लीने ठरवून टाकलं.

काकूंनी पाटावर भुलाबाई घेतली, उरलेल्या पोरी गोळा केल्या, माझ्या हाती दिवा दिला आणि थेट शोभाचं दार गाठलं.

"अवो, दुखवटा आहे तिथं!" कुणीतरी ओरडलं.

"दुखवटा मोठ्यायचा. लेकराची भुलाबाई कायले अडवून राह्यले?"

शोभा दारात आली. बराच वेळ भुलाबाईकडे पाहत राहिली आणि बाजूला झाली. गाणी संपली, तशी ती आत गेली आणि एक डबा पिंकीच्या हाती देऊन आली. गाण्यानंतर घरच्या पोरीने डबा वाजवायचा आणि बाकीच्यांनी आतला खाऊ ओळखायचा, ही आमच्याकडची रीत. पिंकीने आधी हळूच वाजवला, मग जोरात. पोरी चुकल्या तशी ती खुदकन हसली. शेंगदाणे निघाले.

परतताना मी विचारलं, "एवढा हट्ट काहून केला, काकू?"

"माहे बाबा गेले त्या वर्षी पोरी आमचं दार सोडून पुढं गेल्या. मायनं खाऊ केला होता. मी डबा घेऊन उंबऱ्यावर बसली होती."

"काय होतं डब्यात?"

"ओळख ना."

"फुटाणे?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली.

"चिवडा? शंकरपाळे?"

आम्ही चालत राहिलो. त्यांचं फाटक आलं.

"मुरमुऱ्याचे लाडू?"

काकू थांबल्या. कडीवर हात ठेवून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"ओळखला बाई," त्या म्हणाल्या. "ओळखला कोणीतरी."