दाजींच्या लेथचा अचूक ठावठिकाणा

माईंच्या वॉकरचं डावं चाक डुगडुगत होतं. चाकातला बुश, म्हणजे अंगठीएवढी पितळी नळी, झिजून गेला होता. असा बुश लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, कातून काढायला एक चहा गार होण्याइतका वेळ लागतो, आणि दाजींकडे लेथ होता. छोटाच, हौशी लोक घेतात तसला, मागच्या खोलीत टेबलाला बोल्टने आवळलेला. त्यामुळे सरळ नवीन वॉकर आणावा ही ताईची सूचना पहिल्याच बैठकीत फेटाळण्यात आली.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्तीच्या दिवशी खात्यात जमा करायचे अधिकार ते चुकून घरी घेऊन आले असावेत, कारण तेव्हापासून ताई भाजीसुद्धा त्यांच्यासमोर तोलत नाही.

माईंना, म्हणजे दाजींच्या आईंना, घाई होती. समोरच्या काकू रविवारी घर सोडून कायमच्या लेकीकडे राहायला चालल्या होत्या. त्यांचेही गुडघे गेलेले, त्यामुळे दोघी हल्ली आपापल्या खिडकीतूनच एकमेकींना हात करायच्या. माईंना एकदा रस्ता ओलांडून जायचं होतं, तासभर बसायचं होतं, आणि लेकीचा पत्ता, फोन नंबर मागून आणायचा होता.

"मी येते ना विचारून," ताई म्हणाली.

"तू कशाला? मैत्रीण माझी आहे. मी माझ्या पायांनी जाईन," माई म्हणाल्या.

दाजींनी लेथ सुरू केला आणि लगेच बंद केला. मला तातडीने बोलावणं आलं.

"मेहुणे, या हँडलमध्ये ढील आहे. फिरवलं तरी थोडा वेळ काही हलतच नाही. या डायलवर विश्वास ठेवून मी माझ्या जन्मदात्रीचा बुश कातू?"

"दाजी, थोडं जास्त कातलं गेलं तर दुसरा कातू. पितळ भरपूर आहे."

"अंदाजपंचे कारभार या घरात चालणार नाही."

म्हणून रीडआउट मागवला गेला. लेथला एक पट्टी लावायची, तिच्यावरून एक डोळा सरकतो, आणि लेथचा स्लाइड, म्हणजे कातायचं हत्यार धरून पुढेमागे सरकणारा भाग, नेमका कुठे आहे ते छोट्या पडद्यावर शतांश मिलिमीटरपर्यंत दिसतं. वस्तू खरंच सुरेख होती. फक्त ती लेथवर बसवायला एक ब्रॅकेट लागत होतं, आणि ब्रॅकेट लेथवरच करावं लागणार होतं.

"मग करा की," मी म्हणालो.

"रीडआउट नसलेल्या मशीनवर रीडआउटचं ब्रॅकेट? ते अचूक कसं येईल?"

तत्त्वतः बिनतोड होतं. यावर दोन दिवस विचारविनिमय झाला. अखेर ब्रॅकेट म्हणून घरात आयती उपलब्ध असलेली, कारखान्यातून सरळ आलेली ॲल्युमिनियमची पट्टी शोधण्याचं ठरलं, आणि ती सापडली. माईंच्या वॉकरच्या दोन्ही बाजू तिनेच धरून ठेवल्या होत्या.

"अरे, ती काढलीस तर मी उभी कशी राहू?" माई म्हणाल्या.

"आई, वॉकर सध्या दुरुस्तीखाली आहे. दुरुस्तीखालची वस्तू वापरायची नसतेच. तुझी काहीच गैरसोय होत नाहीये."

रविवारी सकाळी रीडआउट बसला. उद्घाटनाला ताई, मी आणि खुर्चीसकट उचलून आणलेल्या माई, अशी उपस्थिती होती. दाजींनी बटण दाबलं. पडद्यावर हिरवे आकडे उमटले: ०.००. ताईनेसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मग दाजींनी हँडल फिरवलं. ते फिरेना. ब्रॅकेट बरोबर स्लाइडच्या वाटेत आलं होतं. स्लाइड पुढेही जाईना, मागेही येईना.

"अहो, हे हलतच नाही," ताई म्हणाली.

"हलत नाही म्हणजे चुकायची शक्यताच संपली," दाजी म्हणाले. आवाज किंचित बारीक झाला होता, पण नजर पडद्यावरच होती. "आकडा बघ. एक शतांश इकडे नाही की तिकडे नाही."

बाहेर टेंपोचं फाळकं लावल्याचा आवाज आला. माई खुर्चीत सावरून बसल्या. "निघाली वाटतं ती. ते काढ आधी, माझी पट्टी लाव. मी भिंत धरून जाते."

"आई, आत्ता काढलं तर शून्य जाईल!"

"मीच पळत जाऊन नंबर आणते," म्हणत ताई उठली.

"कोणीही पाऊल उचलू नका!" दाजी ओरडले. "जमीन हादरते. शून्य स्थिर व्हायला पाच मिनिटं द्या."

आणि आम्ही दिली. ताई एक पाय पुढे टाकून थबकली. मी श्वास रोखला. बाहेर टेंपो सुरू झाला, गुरगुरला, आणि पडद्यावरचा शेवटचा आकडा लुकलुकला. ०.०१. मग पुन्हा ०.००.

"बघितलंत?" दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "टेंपो निघाला तेही कळलं! याला म्हणतात मापन!"

माईंनी खिडकीकडे पाहिलं. पण ती मागची खोली होती. तिथून फक्त आमची मोरी दिसते.

समोरच्या घराला आता कुलूप आहे. लेकीचा पत्ता गल्लीत कुणाकडेच नाही, काकूंकडे मोबाइल कधी नव्हताच. माई अधूनमधून विचारतात, "कुठे असेल रे ती?" लेथचा स्लाइड कुठे आहे ते मात्र आम्हाला शतांशापर्यंत ठाऊक आहे. तो तिथेच आहे. बुश अजून कातायचाय.

रीडआउट बघायला लोक लांबून येतात. माईंच्या खुर्चीला वळसा घालून मागच्या खोलीत जातात, फोटो काढतात. माईंना काय हवंय, हे कुणी विचारत नाही. जाताना प्रत्येक जण एकच चौकशी करतो: हा कुठून मागवलात? म्हणून त्या दुकानाचा पत्ता मी आता खिशातच ठेवतो. तुम्हीही संकोच करू नका. केव्हाचं विचारू की नको, असं चाललंय ना तुमचं?