शून्य थेंबांचा मोगरा

दोन मिनिटांचं हातचं काम दोन महिने खपून आपोआप व्हायला लावणं, यालाच प्रगती म्हणतात. आमच्या जुनवानी वस्तीत ती जानराव ढोबळ्यांनी आणली.

जानराव पोलाद कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागातून निवृत्त झालेले. मे महिन्यात त्यांच्या पत्नी विजयावहिनी महिनाभर नागपूरला निघाल्या, तेव्हा अंगणातल्या मोगऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माझ्या आईच्या हातचं एवढंच उरलं हाये. रोज तांब्याभर पाणी घालजा. बाकी काही करू नका."

जानरावांनी बाकी सगळं केलं. सिविक सेंटरच्या बाजारातून तळहाताएवढा कॉम्प्युटर आणला (असे अकरा कपाटात होते, पण ते मागच्या पिढीचे). त्याला मातीत खुपसायचा सेन्सर, छोटा पंप आणि पाण्याची बाटली जोडली. नवं सॉफ्टवेअर पंपाला ओळखेना, जुनं सेन्सरला. अशा वेळी इंटरनेटवर हौशी मंडळींचा मंच मदतीला असतो. तिथे प्रश्न टाकला की जगभरातले जाणकार तातडीने विचारतात, हा प्रश्न टाकलाच का?

यात नऊ दिवस गेले. पानं पिवळी पडली.

"भाऊजी, झाड मरून राहिलं! पाणी कावून नाही टाकत?" कुंपणावरून राधाबाईंनी विचारलं. (राधाबाई म्हणजे आमच्याच मंडळी.)

"हात नका लावू, वहिनी! ट्रायल चालू हाये. मधातच पाणी टाकलं तर रीडिंग बिघडते."

कारखान्याची शिस्तच ती. ट्रायलवर सही होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, मोगऱ्यानेसुद्धा जगायचं नाही.

दहाव्या दिवशी जानराव सकाळचे फिरून आले, तर ओलावा अडुसष्ट टक्के! मग रोज सहा वाजून दहा मिनिटांनी तेवढाच. मोगरा तरारला, कळ्या धरल्या. बाटलीतलं पाणी मात्र थेंबभरही कमी होईना. दुसरा कोणी चक्रावला असता; जानरावांनी ती कार्यक्षमता म्हणून नोंदवली. पाण्याचा वापर शून्य, फुलं चौदा. मंचाने 'प्रश्न सुटला' असा शिक्का मारला. दोनशे सहा हौशींनी तो प्रोग्राम उतरवून घेतला आणि पंधरवड्यात दोनशे सहा झाडं वाळली. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला जानरावांनी सविनय कळवलं, "माझ्याकडे चालतं."

विजयावहिनी परतल्या. मोगरा बघून त्यांचे डोळे भरून आले. "मले वाटलं, तुम्ही विसरान."

"विसरायचा प्रश्नच नाही. सिस्टीम हाये!"

वहिनींनी कुंपणाशी पडलेला पितळी तांब्या उचलला आणि त्यावर कोरलेलं नाव वाचलं. संध्याकाळी तो आमच्याकडे परत आला, काठोकाठ मोगऱ्याने भरून. जानराव तेव्हा अपडेट करत होते.

मला फार हसू आलं. हसत हसत मी माठातलं पाणी घेतलं आणि सहज विचारलं, हा रोज भरतो कसा? राधाबाईंनी दिलेलं उत्तर छापण्याजोगं नाही.

तुम्हीही हसला असाल. आज सकाळी तुम्ही गार पाणी प्यालात. तुमच्याकडचा माठ कोणत्या सॉफ्टवेअरवर चालतो?