लालासाहेबांच्या बंदुकीची पाठवणी

लालासाहेब गेले आणि मागे दुबारी बंदूक ठेवून गेले. तिच्यातून कधी गोळी सुटल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. खंडेनवमीला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि बाकी वर्षभर खुंटी! पण माणूस गेला की त्याचा परवानाही गेला, हे कळल्यापासून त्यांच्या लेकाची, विश्वजीतची, झोप उडाली. बिचारा पाचगणीच्या शाळेत भूगोल शिकवायचा. तो रागावलेला पोरांनीसुद्धा कधी पाहिला नव्हता.

"आये, आधी पोलीस ठाण्यात जमा करायची, मग परवानगी काढून सांगलीच्या परवानेवाल्या दुकानदाराला इकायची. वारस म्हणून तुझी सही पायजे."

"जमा कर जा. पर माघारी आणायची, इकायला सही न्हाई मिळायची," मनुबाई म्हणाल्या. "ती खुंटीवर हाय म्हणून जयराज जरा तरी दबून हाय. ती गेली की मेला वसरीपतूर नांगरंल!"

जयराज म्हणजे विश्वजीतचा चुलतभाऊ आणि बांधाचा शेजारी. आईचं काही खोटं नव्हतं.

विश्वजीतनं ठाण्यात फोन केला. बंदूक रिकामी करून, गुंडाळून आणा, असं तिकडून सांगितलं. निघायच्या वेळी नेमकी स्कूटरची किल्ली सापडेना. मनुबाईंनी ती शोधायची सोडून आधी बंदुकीला ओवाळलं, मग लेकाला, आणि त्याच्या कपाळभर कुंकू फासलं.

"रानातनं जा आडवाटेनं. यस्टी गावतीया."

विश्वजीत निघाला. घोंगडं आखूड, त्यामुळे नळीचं तोंड बाहेर.

बांधावर जयराज पहार घेऊन हद्दीचा धोंडा हलवत होता. त्यानं मान वर केली. समोर मळवट भरलेला भाऊ आणि खांद्यावर नळी!

"दा... दादा!"

"बाजूला हो रं. मला उशीर होतोय," विश्वजीत म्हणाला. त्याच्या डोक्यात फक्त एसटी होती.

जयराजनं पहार टाकली आणि धूम ठोकली. गड्याच्या पोटात कळ आली असेल, असं विश्वजीतला वाटलं.

ठाण्यात नाथाजी हवालदार बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडून बघत होते, एवढ्यात चिखलानं माखलेला जयराज आत घुसला.

"सायेब, वाचवा! भाऊ बंदूक घिऊन उटलाय माज्यावर!"

आणि बघतो तर भाऊ बाकावर चहा पीत बसलेला.

"हे तर बंदूक जमा कराय आल्यात," नाथाजी म्हणाले. "तुला कशापायी मारतील?"

"बांध सरकावला म्हणून!" जयराज म्हणाला, आणि त्यानं जीभ चावली.

"किती सरकावला?"

जयराजनं टेबलावरच्या बंदुकीकडं बघितलं. "दोन हात. पर आजच धोंडा जाग्यावर लावतो सायेब, देवाशप्पत!"

"लाव. आन् आता बोललास ते लिवून दे."

संध्याकाळी विश्वजीत परतला तेव्हा धोंडा जागेवर होता. जागेवर कसला, टीचभर जयराजच्याच रानात! घडलं ते त्यानं आईला सांगितलं. मनुबाई हसून हसून बेजार झाल्या. मग रिकाम्या खुंटीकडं बघताना त्यांचे डोळे भरून आले.

"आवं, ऐकलं का? जलमभर नुसती टांगून ठिवलीसा. जाताजाता कामाला आली बगा." पदरानं नाक पुसून त्या लेकाकडं वळल्या. "आण कागूद. करते सही."

विश्वजीतनं कागद पुढं केला. मनुबाईंनी सावकाश सही केली, कनवटीत हात घातला आणि स्कूटरची किल्ली काढून त्याच्यापुढं धरली.

"सांगलीला मातर स्कूटरनं जा," त्या म्हणाल्या.