लाल गाडीतून उतरताना

त्या शनिवारी हेडक्लार्कनी मागच्या गल्लीतून घरी जायचं ठरवलं, याला कारण एकच: नेहमीचा रस्ता खणून ठेवला होता. बुटांना चिखल लागू नये एवढाच त्यांचा हेतू. तासाभरानं ते एका सव्वीस वर्षं जुन्या लाल स्पोर्ट्‌स कारचे मालक होऊन घरी आले. बूट मात्र स्वच्छ होते.

मागच्या गल्लीत एका दंतवैद्याचा बंगला होता आणि बंगल्याच्या आवारात ती गाडी उभी होती. उभी म्हणजे कसली, पसरली होती. हेडक्लार्कच्या कमरेपर्यंतही तिची उंची नव्हती. काचेवर 'विकणे आहे' अशी पाटी. हेडक्लार्कना गाडी घ्यायची नव्हती. साठवलेल्या पैशांतून घराला रंग लावायचा, हे बायकोशी बोलून पक्कं झालं होतं. बायकोनं छटासुद्धा निवडली होती. पण बघायला काय जातं, असं म्हणून ते फाटकाशी थबकले.

"बसून बघा की," दंतवैद्य म्हणाले. माणसांना खुर्चीत बसवायची त्यांना सवयच होती.

हेडक्लार्क बसले. म्हणजे एक पाय आत टाकला आणि पुढचं सगळं आपोआप झालं. सीट जवळजवळ जमिनीलाच टेकलेली. आत शिरताना पाठीतून 'कट्ट' असा आवाज आला, पण तो गाडीचा असावा असं त्यांनी मानलं. दंतवैद्य गाडीची माहिती सांगत होते, हेडक्लार्क मान डोलवत होते. माहिती संपली. आता उतरायची वेळ झाली.

हेडक्लार्कनी उजवा पाय बाहेर काढला. डावा स्टिअरिंगखाली अडकला. डावा सोडवायला उजवा आत घेतला, तर पोट अडकलं. बावन्न वर्षांचं वय, त्यातली तीस खुर्चीत गेलेली. शरीराला वर उठायचं म्हणजे टेबलाचा आधार लागायचा, आणि गाडीत टेबल नव्हतं.

"काय, सोडवत नाही ना?" दंतवैद्य हसून म्हणाले.

"नाही हो," हेडक्लार्क म्हणाले. (ते खरंच बोलत होते.)

पाच मिनिटं गेली. दहा गेली. दंतवैद्यांचा पेशंट आला, दंतवैद्य घड्याळाकडे बघायला लागले. परक्या माणसाला 'मला जरा ओढून काढा' असं सांगायचं, का 'गाडी घेतो' म्हणायचं? हेडक्लार्कनी आयुष्यभर अब्रू जपली होती.

"घेतो," ते म्हणाले.

घरासमोर गाडी थांबली तेव्हा बायको कुंड्यांना पाणी घालत होती. ती शाळेत भूमिती शिकवायची, त्यामुळे समोर दिसेल ते पक्षात धरून मग सिद्धतेकडे वळायची सवय.

"कुणाची गाडी?"

"आपली."

बायकोनं झारी खाली ठेवली. गाडी पुढून बघितली, मागून बघितली. मग म्हणाली, "म्हणजे रंग लागला म्हणायचा. घराऐवजी गाडीला."

"अगं, तसं नाही..."

"उतरा आणि आत या. मग बोलू."

"बसतो जरा. हवा छान आहे."

चहा गाडीतच आला, खिडकीतून. खिडकी इतकी खाली की बायकोला तो वाकून द्यावा लागला, आणि ती वाकलेली बघून समोरचे निवृत्त पोस्टमास्तर चौकशीला आले. मग शेजारच्या शिंपीणबाई आल्या. अर्ध्या तासात गाडीभोवती दहा-बारा माणसं. हेडक्लार्क आत बसून हसतमुखानं उत्तरं देत होते. बायको त्यांच्या डाव्या गुडघ्याकडे एकटक बघत होती.

ती खिडकीशी आली. "तुम्हाला उतरता येत नाहीये ना?"

"हळू बोल."

बायकोनं एकदा वर आकाशाकडे पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाली, "पोस्टमास्तर, या गाडीचं इंजिन मागे असतं बरं का! बघितलंत का?"

सगळी मंडळी मागे धावली. डिकी उघडून माणसं स्टेपनी, जॅक आणि एक जुना टॉवेल यांच्याकडे आदरानं बघत राहिली. ("केवढं सुटसुटीत इंजिन," पोस्टमास्तर म्हणाले.) तेवढ्यात बायकोनं नवऱ्याच्या दोन्ही काखांत हात घालून त्यांना बाटलीतून बूच काढावं तसं बाहेर काढलं.

त्या दिवशी रंगाचा विषय पुन्हा निघाला नाही. निघाला असता तर बरं, असं हेडक्लार्कना वाटत राहिलं. बायको गप्प बसली की त्यांना जेवण जात नसे.

गाडीचे बाकी गुण हळूहळू कळले. उजवीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा. गॅरेजवाल्यानं सगळं तपासून सांगितलं, "तार कुठंतरी चिकटतेय. शोधायची तर गाडी पूर्ण उघडावी लागेल, आणि उघडली तर परत बंद होईल याची खात्री नाही. तुम्ही डावीकडेच वळत जा." हेडक्लार्कनी ऑफिसचा तसा रस्ता शोधला. थोडा लांब होता. ऑफिसला ते सगळ्यांच्या आधी पोचायचे, म्हणजे मागच्या बाजूला हातावर रांगत उतरताना कुणी बघत नसे.

असं पंधरा दिवस चाललं आणि मग साहेबांची गाडी बिघडली.

प्रसंग गंभीर होता. हेडक्लार्कची शाखा बंद करून ती मुख्य कार्यालयात मिसळून टाकायची, असा घाट वर घातला होता. अकरा वाजता तिथे बैठक. साहेबांनी बाजू मांडायची, हेडक्लार्कनी आकडे पुरवायचे. शाखा गेली तर सात माणसं कुठं कुठं फेकली जाणार होती.

"तुमची ती लाल गाडी आहे ना?" साहेब म्हणाले. "तिनंच जाऊ."

साहेब देहानं हेडक्लार्कच्या दीडपट. ते शेजारी बसले तेव्हा गाडी डावीकडे कलली. पण पावणेअकरालाच दोघं मुख्य कार्यालयाच्या आवारात पोचले. हेडक्लार्कनी गाडी पायऱ्यांसमोर लावली. साहेब आधी उतरतील, मग आपण हळूच रांगत निघू, असा त्यांचा बेत.

साहेब उतरले नाहीत. फाइल मांडीवर घेऊन समोर बघत राहिले.

"पोचलो, साहेब."

"हो, हो." साहेबांनी दाराच्या कडेला धरून एक झटका दिला. गाडी हलली, साहेब हलले नाहीत. त्यांनी घसा खाकरला. "वेळ आहे अजून. एक चक्कर मारू या का? गाडी छान चालते."

हेडक्लार्कनाही तेच हवं होतं. आवाराला चक्कर मारायची म्हणजे चारही वळणं उजवीकडची. प्रत्येक वळणाला हॉर्न. फाटकावरच्या रखवालदारानं पहिल्या हॉर्नला दचकून सलाम ठोकला. दुसऱ्या चकरेत पुन्हा ठोकला. विसाव्या चकरेपर्यंत वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या आणि अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"हेडक्लार्क," साहेब हळू आवाजात म्हणाले, "एक विचारू? तुम्ही यातून उतरता कसे?"

"साहेब, खरं सांगू? मला वाटत होतं, तुम्ही उतराल."

मग साहेबांना हसू फुटलं, आणि त्यांच्या हसण्यानं सगळी गाडी गदगदायला लागली. हेडक्लार्कच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचं होतं का सात माणसांच्या काळजीचं, हे त्यांनाही कळलं नाही. त्यांनी बायकोला फोन लावला.

"मधली सुट्टी आहे, पाच मिनिटं आहेत," बायको म्हणाली. "स्पीकरवर टाका. साहेब, ऐकू येतंय?"

"हो, बाई." साहेब ताठ बसले.

"दार पूर्ण उघडा. गुडघे जुळवा. दोन्ही एकदम बाहेर, एकेक नाही. बाहेरच्या हातानं छताची कड धरा. आता छाती गुडघ्यांच्या पुढे न्या. पुढे म्हणजे पुढे! भार पायावर आला की उठा."

साहेब उठले. आपण उठलो यावर त्यांचा विश्वास बसेना. "बाई, उभा आहे!" ते ओरडले.

"शाबास. आता आमचे हे."

आमचे हे तीन प्रयत्नांनी निघाले. (त्यांनी गुडघे एकेक बाहेर काढले होते. "लक्ष कुठं असतं तुमचं?" असा आवाज फोनमधून आला आणि रखवालदारानं तोंड फिरवलं.)

दोघं धावत वर गेले. बैठक संपली होती. कारकुनानं इतिवृत्ताचा कागद पुढे केला. 'शाखा विलीनीकरण: संबंधित अधिकारी अनुपस्थित, सबब विषय पुढील वर्षापर्यंत तहकूब.' साहेबांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला.

"पुढच्या वर्षीही तुमच्याच गाडीनं येऊ," ते म्हणाले.

ऑफिसात सातही जणांनी हेडक्लार्कशी हात मिळवले. घरी बायकोही पहिल्यांदाच गाडीवर हसली. पण एवढ्या खटाटोपात हेडक्लार्कचा गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी क्लच मारायला मनाई केली. गाडी रोज चालवली नाही तर बसेल, असं गॅरेजवाल्याचं म्हणणं. बायकोकडे लायसन्स नवऱ्याच्याही आधीपासून होतं. ती गाडी शाळेला न्यायला लागली. फाटकातून आत येते, गुडघे जुळवते, छताची कड धरते आणि एका झोकात उभी राहते. नववीची मुलं तेवढं बघायला लवकर येतात म्हणे.

परवा साहेबांनी विचारलं, "मग तुम्ही हल्ली कसे येता?"

"बसनं. बायको बसस्टॉपपर्यंत सोडते, साहेब."

"वा! तुम्ही उतरेपर्यंत थांबतात का? त्यांना उशीर होत असेल."

"नाही, उशीर नाही होत," हेडक्लार्क म्हणाले. "दोन चौक आधीच सांगते, 'अहो, उतरायला लागा आता.'"